पाव्हण्याची काडेपेटी

खोली दाखवण्याआधी त्यांनी माझी नखं पाहिली.

जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी पहिलीच नेमणूक होती. गाव पारनेरच्या पुढे, फाट्यावरून आत. मी नगरच्या सावेडीहून स्कूटरवर आले होते आणि राहायला जागा शोधत होते. टपरीवर कुणीतरी म्हणालं, "डाक्टरांची खोली रिकामी हाय, बघा इचारून." दारात एक उंच, वाळकुडे, पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा उभे होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "हात पुढं करा," म्हणाले. मला वाटलं, आता भविष्य सांगणार. त्यांनी दहाही नखं नीट निरखली.

"बरी आहेत. उजव्या अंगठ्यात थोडी माती आहे, ती स्कूटरची असेल. या आत."

"डॉक्टर, खोलीला स्वतंत्र दार आहे का?" मी विचारलं.

"डॉक्टर नव्हे. टेक्निशियन."

हे वाक्य मी पुढच्या चार वर्षांत हजारदा तरी ऐकलं असेल. गाव त्यांना डाक्टर म्हणायचं आणि ते गावाला दुरुस्त करायचे. दोघांपैकी कुणीही कधी माघार घेतली नाही. सरकारी आरोग्य केंद्रांच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली होती. रक्त, थुंकी, लघवी आणि शौच. यातलं शेवटचं त्यांच्या सर्वात आवडीचं. "रक्तात माणूस काहीतरी लपवतो," असं ते म्हणायचे, "पण शौचात नाही लपवत. तिथं सगळं खरं."

निरोप समारंभात त्यांनी शाल-नारळ घ्यायला नकार दिला होता. केंद्रात नवा मायक्रोस्कोप आला होता आणि जुना भंगारात निघणार होता, तो द्या म्हणाले. मग दोन वर्षं कागद फिरवत बसले आणि शेवटी तो मिळवला. माझ्या खोलीच्या भिंतीला लागून त्यांची छोटी खोली होती, तिथे खिडकीशी तो पितळी मायक्रोस्कोप पांढरा रुमाल पांघरून बसलेला असायचा. बाजूच्या फळीवर काडेपेट्या. ओळीने, नावं घातलेल्या.

या काडेपेट्यांविषयी आधीच सांगून टाकलेलं बरं. गावातल्या पोरांच्या पोटात जंत आहेत का, हे पाहायला शौचाचा नमुना लागतो आणि तो आणायला काडेपेटीइतकी सोयीची वस्तू नाही. सरकते, झाकते, कुणाच्या नजरेत भरत नाही, आणि काम झालं की जाळता येते. डाक्टर दुकानातून काडेपेट्यांचे पुडेच्या पुडे आणायचे, काड्या एका बरणीत ओतायचे आणि रिकाम्या पेट्या पोरांना वाटायचे. त्यामुळे गावात कुणाकडेही काडी मागितली तर डाक्टरांच्या बरणीतली सुटी काडी हमखास मिळायची, फक्त ती ओढायला पेटी मिळायची नाही.

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. काकूंनी एकदा घाईत गॅस पेटवायला हाताला लागली ती काडेपेटी उघडली. त्या दिवसापासून त्या घरात लायटर आहे, आणि काडेपेटीने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही असा नियम आहे. हा नियम मोडला तर काय होईल, हे काकूंनी कधी सांगितलं नाही. डाक्टरांनीही विचारलं नाही.

जगातल्या अर्ध्या मूर्खपणाला जंत जबाबदार आहेत, असा डाक्टरांचा सिद्धान्त होता. पोरगं गणितात नापास झालं? पेटी आणा. सून चिडचिड करते? पेटी आणा, मग बोलू. टीव्हीवर एखादा पुढारी तावातावाने बोलायला लागला की हे चहा पीत शांतपणे म्हणायचे, "याची पेटी बघायला पाहिजे."

माझीही त्यांनी मागितली. राहायला येऊन महिना झाला होता. "बाई, शिकवणाऱ्याची पेटी पहिली. मग पोरांना सांगायला तोंड राहतं." मी साफ नकार दिला. आम्ही सावेडीचे, फिल्टरचं पाणी पिणारे, फ्लॅटमध्ये राहणारे. "फ्लॅटमध्ये राहायला जंतांना कुणी बंदी केलेली नाही," ते म्हणाले. दोन आठवडे तोंड चुकवल्यावर एका सकाळी मी पेटी त्यांच्या खिडकीत ठेवली आणि शाळेत पळून गेले. संध्याकाळी ते पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "काहीच नाही हो बाई तुमच्यात." इतक्या निराशेने माझ्याविषयी आजवर कुणी चांगलं बोललेलं नाही.

शाळेत जंताच्या गोळ्या वाटायचा दिवस असला की ते न बोलावता हजर. पोरं गोळी गालात धरून ठेवतात आणि भिंतीमागे जाऊन थुंकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून गोळी चावून झाली की ते आधी "आ कर" म्हणायचे, जिभेखाली बघायचे आणि मग म्हणायचे, "आता सातचा पाढा म्हण." गालात गोळी असली की पाढा पुरा होत नाही. सात चोकला तरी अडखळतो, सात सकला तरी. नुसता पाढा येत नसल्यामुळे अडकलेल्या पोरांवर सुरुवातीला अन्याय व्हायचा. पण वर्षभरात आमच्या शाळेचा सातचा पाढा तालुक्यात सर्वात पक्का झाला. त्याचं श्रेय शिक्षण खात्याच्या केंद्रप्रमुखांनी मला दिलं, मी ते घेतलं.

तिसरीतली साक्षी तेव्हा माझी सर्वात मोठी काळजी होती. पिवळट चेहरा, फुगलेलं पोट, दुपारनंतर बाकावर डोकं टेकून झोप. पाटीवरच्या पेन्सिली लिहायला कमी आणि खायला जास्त लागायच्या तिला. गोळी घेतली की दोन महिने बरी असायची, पुन्हा तीच गत. तिच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत एक तांबूस कुत्रा यायचा आणि सुटेपर्यंत तिथेच बसून राहायचा. एका पावसाळ्यात तो कुठूनसा वस्तीवर आला, दोन दिवस राहील म्हणून भाकरी घातली आणि मग गेलाच नाही, म्हणून त्याचं नाव पाव्हणा. साक्षीला भाऊ-बहीण नव्हतं. घरी आई-बाप रोज रानात. ती बोलायची ती पाव्हण्याशी.

सकाळी हाच पाव्हणा डाक्टरांचा असायचा. उजाडलं की डाक्टर निघत. एका खांद्याला रिकाम्या काडेपेट्यांची पिशवी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याचं टमरेल. पाव्हणा ओढ्याच्या वळणावर वाट बघत उभा असायचा. तिथून दोघे वस्त्या-वस्त्यांवर कुत्र्यांमागे हिंडत, कारण पोरांबरोबर कुत्र्यांच्या पेट्याही डाक्टर जमवत. येताना कुणाच्या रानातलं गाजर उपटायचं, पँटीला पुसायचं आणि खात यायचं.

"काका, निदान धुऊन तरी," मी म्हणायचे.

"बाई, आमच्या पोटात काही टिकत नाही. इतक्या वर्षांची ओळख आहे."

रविवारी मात्र पिशवी नाही, काडेपेटी नाही. इस्त्रीचा सदरा घालून दोघं नवरा-बायको एसटीने नगरला चर्चमध्ये जायचे. तिथल्या गाण्याची पहिली ओळ ते आठवडाभर गुणगुणत, पुढची त्यांना कधीच आठवायची नाही. ती ओळ भिंतीपलीकडून ऐकू आली की समजायचं, मायक्रोस्कोपखाली काहीतरी मनासारखं सापडलंय.

सगळा घोळ झाला तो विज्ञान दिनाला. मीच म्हटलं होतं, पालकांना बोलावू आणि तुमचा मायक्रोस्कोप दाखवू. डाक्टरांनी आदल्या दिवशी दाढी केली, रुमाल बदलला. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. बाया-माणसं रांगेने डोळा लावून बघत होती आणि "आगं बया" म्हणत मागे सरकत होती. पिवळट, कडेने खरखरीत, तुतीच्या फळासारखं जंताचं अंडं. डाक्टरांना भलताच चेव चढला. त्यांनी एक काच दाखवली, मग दुसरी ठेवली.

"आधीची काच शाळेतल्या पोराची. आता ही बघा. हे कुत्र्याच्या पेटीतलं. आहे का काही फरक? नाही! पोराच्या पोटात जे, तेच कुत्र्याच्या!"

एवढं म्हणून ते नाट्यपूर्ण थांबले. पुढचं वाक्य त्यांनी राखून ठेवलं होतं. पण तेवढ्यात पोह्याचं पातेलं आलं, पाठोपाठ फाट्यावर कांदा न्यायला ट्रक लागल्याचा फोन आला, आणि पाच मिनिटांत व्हरांडा रिकामा. डाक्टर काच हातात धरून उभेच. "उरलेलं उद्या सांगू," म्हणाले.

उद्यापर्यंत गावाने स्वतःच पुढचं वाक्य तयार केलं होतं. कुत्र्यांमुळे पोरांना जंत होतात. डाक्टरांनी मशीनवर दाखवलं. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'कुत्री हटवा, मुले वाचवा' असा मजकूर फिरला, खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग. तिसऱ्या दिवशी ठरलं की ग्रामसभा घ्यायची, ठराव करायचा आणि सगळी कुत्री टेम्पोत भरून घाटाखाली सोडून यायची. आमचं गाव आदर्श गाव बघायला म्हणून हिवरे बाजारला दोनदा सहलीला जाऊन आलं होतं. ग्रामसभेत ठरवून कामं होतात, हे तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं होतं.

डाक्टर घरोघर सांगत सुटले, "अहो, मी तसं म्हणालो नाही." लोक म्हणत, "तुमी कशाला वाईट वाटून घेता? तुमी तर उपकार केले आमच्यावर." घरी येऊन ते जेवले नाहीत. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. आयुष्यभर नेमकं बोलणारा माणूस एकदाच टाळीसाठी थांबला आणि एवढं महाभारत झालं.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी साक्षी शाळेत आली, पण पाव्हणा फाटकाशी नव्हता. ओढ्याच्या वळणावरही तो आला नव्हता, असं डाक्टर म्हणाले. मी साक्षीला विचारलं, तर ती पाटीत तोंड घालून "गेला पळून," म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं. कान लाल झाले. मधल्या सुट्टीत मी आणि डाक्टर तिच्याबरोबर वस्तीवर गेलो. ती मुकाट्याने पुढे चालत होती. घराच्या मागे सरकारी योजनेतला संडास होता, निळ्या दाराचा. दाराला बाहेरून दोरी बांधली होती.

डाक्टरांनी दोरी सोडली. आत ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, कांद्याच्या रिकाम्या गोण्यांची थप्पी, एका कोपऱ्यात अंड्यांवर बसलेली कोंबडी, आणि गोण्यांवर आरामात पाय पसरून पाव्हणा. आम्हाला बघून त्याने शेपूट हलवलं, कोंबडी मात्र हलली नाही.

साक्षी रडायला लागली. "न्हेऊ नका ना त्याला. हितं कुनीच येत न्हाई. टेम्पोवाल्याला घावनार न्हाई."

"इथं कुणीच येत नाही?" डाक्टरांनी विचारलं.

"न्हाई. आमी समदे वड्याला जातो."

डाक्टर आधी तिच्याकडे बघत राहिले, मग नळ्यांकडे, मग पाव्हण्याकडे. आणि जोरात हसायला लागले. ते असे हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. कोंबडीसुद्धा दचकली.

"बघा बाई," डोळे पुसत ते म्हणाले. "कुत्रं आत, आन् माणसं बाहेर."

त्या संध्याकाळी ग्रामसभेला एवढी गर्दी कधी झाली नव्हती. सरपंच अक्का म्हणजे करारी बाई. म्हशीचं दूध काढावं तसं एकेकाकडून मत काढून घेत होत्या. डाक्टर उठले.

"चूक माझी आहे," त्यांनी सुरुवात केली. "त्या दिवशी मी अर्धंच बोललो. कुत्र्याचे स्वतःचे जंत असतात. त्यांचं अंडं वेगळं दिसतं, काळपट. त्याला औषध आहे, मी जनावरांच्या दवाखान्यातून आणून प्रत्येक कुत्र्याला देईन. पण तुम्ही काचेवर जे पाहिलं ते कुत्र्याचं नव्हतंच. ते आपलं होतं. माणसाचं. आपण रानात, ओढ्याला, घरामागं बसतो, कुत्रं ते खातं, आणि अंडं त्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. शाळेच्या अंगणात, भाजीच्या वाफ्यात."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी कुत्र्याला आमीच दिलं म्हना की."

"व्हय," डाक्टर म्हणाले. "आपणच दिलं."

"संडास हायेत की बांधलेले समद्यांचे," सरपंच अक्का म्हणाल्या.

"आहेत ना. मी आज एक बघितला. त्यात एक कोंबडी बसली होती, तिला बरं पडतंय." लोक हसले, पण इकडे तिकडे बघत हसले. कारण कुणाच्या संडासात सरपण होतं, कुणाच्यात पेंडीची पोती, आणि एकाच्यात तर मोटारसायकल.

डाक्टरांनी शाळा उघडेपर्यंत मुदत मागितली. तोवर संडास रिकामे करायचे, तान्ह्या पोरांची घाणही त्यातच टाकायची, साबणाने हात धुवायचे. कुत्र्यांच्या पेट्या ते स्वतः तपासणार. कुत्र्याच्या पेटीत माणसाचं अंडं आलं नाही म्हणजे माणसं सुधारली.

अक्कांनी मान डोलावली. "दिली मुदत. पन शेवटच्या तपासनीला ज्या कुत्र्याच्या पेटीत आपलं अंडं घावंल, ते कुत्रं टेम्पोत जानार. मग मात्र कुनाचंच ऐकनार न्हाई."

साक्षी भिंतीशी उभी होती. तिने माझा पदर घट्ट धरून ठेवला होता.

मग जे महिने गेले, तसे मजेचे महिने माझ्या नोकरीत पुन्हा आले नाहीत. डाक्टर बोंबलाच्या चटणीत गोळी कालवून भाकरीचा गोळा करायचे आणि प्रत्येक कुत्र्यासमोर बसून तो खाल्ल्याची खात्री करायचे. कुत्र्यांना पाढा म्हणता येत नाही, याची त्यांना खंत होती. दर पंधरवड्याला पेट्यांचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायचा. टाकीकडच्या वस्तीवरचं कुत्रं नापास झालं की त्या वस्तीवर चौकशी सुरू, "कोन गेल्तं रं भाईर?" नवरे बायकांकडे बघत, सुना सासऱ्यांकडे. एक आजोबा चिडून म्हणाले, "ह्या कुत्र्यांनी तर जगनं मुश्किल केलं. समदं जाऊन डाक्टरला सांगत्यात." नळ्या गोठ्यात गेल्या, सरपण आडोशाला गेलं, मोटारसायकल अंगणात आली. साक्षीच्या आईने पिल्लं बाहेर पडेपर्यंत कोंबडीला मुदत मागितली, ती मिळाली.

उन्हाळा सरता सरता साक्षीच्या गालावर रंग दिसायला लागला. सुट्टीत ती काकूंच्या हाताखाली लुडबुड करायची आणि काकूंची भाकरी बडवून होईपर्यंत बडबडायची. पेन्सिल खाल्ली का विचारलं, तर लाजून नाही म्हणायची. मी खूश होते. शेवटच्या तपासणीची मला काळजीच वाटत नव्हती.

शाळा उघडायच्या दोन दिवस आधी डाक्टर सकाळपासून खिडकीशी बसले होते. गाणं ऐकू येत नव्हतं. दुपारी काकूंनी चहा नेऊन ठेवला, तो तसाच राहिला. मी डोकावले.

"पाव्हण्याची पेटी खराब आहे," ते म्हणाले.

"पुन्हा बघा."

"तीनदा बघितली. मिठाच्या पाण्यात अंडी वर तरंगतात, तसंही करून बघितलं. अंडं आहे. माणसाचं."

मी साक्षीच्या घरी जाऊन आले. संडास लख्ख, आत पाण्याची बादली, साबण. आई शपथा घेत होती. ओढ्याकडच्या बाकी घरांचंही तेच. परत येऊन मी म्हटलं, "काका, एकच तर आहे. नका लिहू. त्या पोरीचं काय होईल?"

ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, दिसलेलं अंडं नाही दिसलं असं मी कधी लिहिलेलं नाही." मग बरणीशेजारची एक रिकामी काडेपेटी उचलून त्यांनी खिशात टाकली आणि उठले. त्या वेळी मला फक्त राग आला. असला कसला खरेपणा, जो एका लेकराचा सोबती घालवतो? रात्री मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रामसभा. साक्षी पाव्हण्याला दोरी बांधून घेऊन आली होती. त्याच्या गळ्यात जुन्या ओढणीची पट्टी बांधली होती, सजवून. तिला वाटत होतं आज त्याला बक्षीस आहे. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

डाक्टर यादी वाचायला लागले. टाकीकडचं, स्वच्छ. शाळेमागचं, स्वच्छ. मळ्यातली तिन्ही, स्वच्छ. प्रत्येक नावाला माणसं माना डोलवत होती. शेवटी ते थांबले.

"एक पेटी खराब. पाव्हणा."

साक्षीला कळायला एक क्षण लागला. मग ती खाली बसली आणि तिने पाव्हण्याच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारली. सरपंच अक्कांनाही ते जड गेलं असावं, त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "ठरलं हुतं त्ये ठरलं हुतं, डाक्टर."

"थांबा अक्का. मागे मी अर्धं बोललो आणि गावाला घोर लावला. आज पुरं बोलू द्या." त्यांनी खिशातून एक काडेपेटी काढली आणि उंच धरली. "ही कालची. हिच्यातही तेच अंडं सापडलं. हिच्यावर मी नाव घातलं नव्हतं, आता घालतो." खिशातलं पेन काढून त्यांनी सगळ्यांसमोर त्या पेटीवर आपलं नाव लिहिलं.

"माझ्या घरी संडास आहे. बायको वापरते, बाई वापरतात. मला मात्र चार भिंतींच्या आत जमत नाही. लहानपणापासूनची सवय आहे. सगळ्या गावाला शिकवलं, आणि मी रोज सकाळी टमरेल घेऊन ओढ्याला जात राहिलो. पाव्हणा माझ्याबरोबर असतो. त्याच्या पेटीत जे आलं ते माझं आलं. सगळ्यांच्या पेट्या तपासल्या, एक तेवढी राहिली होती. रानातली गाजरं मी न धुता खातो, तेही बाई सांगायच्या." एवढं म्हणून त्यांनी पेन खिशाला अडकवलं. "तेव्हा टेम्पो आणायचाच असला तर आणा. पण घाटाखाली मला सोडा. कुत्र्याला नका."

मला ते टमरेल आठवलं. रोज सकाळी मी ते पाहत होते, आणि ते तपासणीच्या कामाचं आहे असं समजून चालले होते. सभेत कुणालाच हसावं की काय करावं कळत नव्हतं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून काकूंचा आवाज आला, "सोडाच यांना! लग्न झाल्यापासून सांगतेय मी!"

मग मात्र सगळी सभा फुटली. सरपंच अक्का पदराने डोळे पुसत हसत होत्या. ठरावाचा कागद त्यांनी घडी करून खाली ठेवला. "डाक्टरांना मुदत दिली," त्या म्हणाल्या. "फुडच्या तपासनीपतूर."

"डॉक्टर नव्हे," ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. त्यांनी पिशवीतून जंताची गोळी काढली, सगळ्यांसमोर तोंडात टाकली आणि चावायला लागले.

साक्षी उठली. पाव्हण्याची दोरी हातात धरूनच ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. डोळे अजून ओले होते.

"आ करा," ती म्हणाली.

डाक्टरांनी आ केला. ती चवड्यांवर उभी राहिली, जिभेखाली बघितलं, दोन्ही गालांत बघितलं.

"आता सातचा पाढा म्हना."

तो उंच म्हातारा हात मागे बांधून सभेपुढे उभा राहिला आणि त्याने सुरुवात केली. सात एके सात. सात दुणे चौदा. सात सकला ते जरा अडखळले, तशी साक्षीने भुवई वर केली, आणि सगळ्या सभेने श्वास धरला. सात सक बेचाळीस. तिथून पुढे शाळेतली पोरंही त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. सात दाहे सत्तरपर्यंत.

दुसऱ्या दिवशी शाळेचा पहिला दिवस म्हणून मी लवकर उठले. टमरेल खुंटीला टांगलेलं होतं. अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासाचं दार आतून बंद होतं आणि त्यामागून ती चर्चमधल्या गाण्याची पहिली ओळ ऐकू येत होती, पुन्हा पुन्हा, धीर धरायला म्हणावी तशी. दाराबाहेर पायरीवर पाव्हणा पुढच्या पायांवर तोंड ठेवून वाट बघत बसला होता.